घडी मोडा: साठीनंतर टोपी आणि जुने कपडे अंगावर आणायचे कसे

गेल्या दसऱ्यानंतर मी आईच्या लग्नातली पैठणी कपाटातून काढली. मलमलीत गुंडाळलेली, कापराचा वास मुरलेली, आईने जन्मात चार-पाच वेळाच नेसलेली. पलंगावर ठेवून एक घडी उलगडली आणि त्या रेषेवर रेशीम चर्र करून सुटलं. मी ओढलं नव्हतं, कुठे अडकलंही नव्हतं. इतकी वर्षं एकाच घडीवर पडून कापड तिथेच विरलं होतं. पदरावरचे मोर जसेच्या तसे, आणि मधे वीतभर भेग.

आईने ती साडी ‘चांगल्या दिवसासाठी’ जपली होती. ते जपणंच साडीला भोवलं. त्याच आठवड्यात मी वडिलांची राखाडी फेल्ट हॅट ट्रंकेतून काढली आणि तेव्हापासून ती घालते आहे. मी 68 वर्षांची आहे, राहायला नाशिकला. या वर्षभरात ओळखीच्या बऱ्याच जणी आणि काही जण विचारायला आले, की आम्हालाही असं काही घालावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करायची? त्यांना तोंडी सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी काही विकत घेऊ नका

पहिलं काम घरातच आहे. कपाट, ट्रंक, दिवाणाखालचा कप्पा, माळ्यावरची पेटी, सगळं उघडा. यासाठी आपल्याकडे दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. पावसाळ्याची दमट हवा गेलेली असते. कपडे पलंगावर पांढऱ्या चादरीवर मांडा. रेशीम थेट उन्हात टाकू नका, रंग उडतो. सावलीत, वाऱ्यावर चार तास पुरेत. लोकरीला सकाळचं कोवळं ऊन दाखवायला हरकत नाही.

मग एकेक कपडा खिडकीपाशी उजेडावर धरा. जिथून उजेड नको इतका आरपार येतो तिथे कापड विरलंय. घड्यांच्या रेषा, काखा, कॉलरची आतली बाजू, साडीचा कमरेशी खोचायचा भाग, पोलक्याचा मुंढा या जागा आधी बघा. रेशीम दोन चिमटींत धरून अगदी हलकं ताणा. करकरलं किंवा धागे सरकले, तर ती साडी नेसायची नाही. तिचं दुसरं काहीतरी करू, पुढे सांगते. लोकरीच्या कोटाला बारीक भोकं दिसली तर कसर लागली आहे. तो कोट बाकीच्या कपड्यांपासून लगेच वेगळा करा, पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग झटकून ब्रशने साफ करा.

एक कळकळीची विनंती. ही आवराआवर चालू असताना बोहारणीला दारात बोलावू नका. स्टीलच्या एका पातेल्यावर आपल्या पिढीतल्या किती इरकली, किती चंदेरी, किती टेरिकॉटचे सुंदर शर्ट गेले! आणि जुनी जर विकत घेणाऱ्यांपासून तर फार जपा. पूर्वीची खरी जर म्हणजे चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढतात. साडी राखेत जाते आणि हातात येते ती फक्त धातूच्या वजनाची किंमत. साडी नेसण्याजोगी नसली तरी काठपदर शाबूत असतात, ते दुसऱ्या कापडावर लावून घेता येतात.

पैठणी हातमागाची आहे का, हे बघायचं तर पदर उलटा करा. अस्सल विणीत पदरावरची नक्षी मागूनही जवळजवळ तशीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात. मागे धाग्यांचं जंजाळ किंवा कातरलेली टोकं दिसली, तर ती बहुधा यंत्रावरची. ती नेसायला काहीच वाईट नाही, पण तिचे लाड किती करायचे ते यावरून ठरतं. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. जमलं तर एकदा जाऊन माग चालताना बघा. एका पदराला किती दिवस लागतात हे डोळ्यांनी बघितलं की जुन्या साडीला हात लावताना हातच बदलतो.

एकच वस्तू निवडा

नवख्यांची घाई इथे होते. टोपी, कोट, जुनं घड्याळ, काठी, सगळं एकदम अंगावर चढवतात. मग आरशात आपण स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखे दिसतो आणि सगळं परत ट्रंकेत जातं. एक जुनी वस्तू, बाकी रोजचं. आजीच्या खणाची चोळी असेल तर तिच्यावर साधी सुती साडी. वडिलांची टोपी असेल तर खाली तुमचा नेहमीचा सदरा-पँट किंवा पंजाबी ड्रेस.

कुठली वस्तू? जी हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही ती. किमती असण्याची गरज नाही. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी वडिलांचा सुती जोधपुरी कोट निवडला, पितळी बटणांचा. शेजारच्या वहिनींनी सासूबाईंची नऊवारी घेतली आणि तिचं सहावारी करून घेतलं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यामुळे विरलेला भाग कापून टाकूनही साडेपाच मीटर चांगलं निघालं, उरलेल्यात नातीचं परकर-पोलकं झालं.

आता टोपी

टोपीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण कपड्यांत तिचा परिणाम सर्वांत मोठा आणि तिच्याबद्दलची माहिती आपल्याकडे सर्वांत कमी. आपल्या आजोबांच्या काळी उघड्या डोक्याने रस्त्यावर जाणं अप्रशस्त मानत. पागोटं, पगडी, रुमाल, फेटा, काळी गोल टोपी, मग गांधी टोपी. डोक्यावर बघून माणूस कुठला, काय करणारा ते कळे. दोन पिढ्यांत ते सगळं लग्नाच्या मांडवापुरतं उरलं.

आधी डोकं मोजा. शिवणकामाची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वरून बोटभर अंतर ठेवून, मागच्या उंचवट्यावरून फिरवा. घट्ट ओढू नका. दोनदा मोजा आणि सेंटिमीटर आणि इंच दोन्ही लिहून ठेवा, कारण हॅट सेंटिमीटरमध्ये मिळते आणि आपल्याकडच्या टोप्यांचा नंबर इंचात सांगतात. 56 सेंटिमीटर म्हणजे साधारण 22 इंच. बायकांनी केस रोज बांधता तसे बांधून मोजावं. अंबाडा उंच असेल तर टोपी बसणार नाही, तो मानेशी उतरवावा लागेल.

माझं डोकं 57, दादांची, म्हणजे वडिलांची, हॅट 59. दादा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, ड्यूटीला सायकलवरून जाताना ही हॅट घालत. टोपी उलटी केली की आत कातड्याची पट्टी दिसते, घाम शोषणारी. दादांच्या टोपीतली पट्टी कपाळाच्या जागी काळवंडून काचेसारखी गुळगुळीत झाली आहे आणि डाव्या बाजूला घडी करून ठेवलेल्या एसटीच्या तिकिटाचा चौकोनी ठसा आहे. ही पट्टी बोटाने हळूच बाहेर वळवायची आणि तिच्या मागे फेल्टची किंवा घडी केलेल्या कागदाची पट्टी सरकवायची. 3 मिलिमीटर जाडीची पट्टी सगळीकडून फिरवली की घेर जवळजवळ 2 सेंटिमीटरने कमी होतो. शिंप्याची गरज नाही, दहा मिनिटांचं काम. बसली का हे बघायला टोपी आणि कपाळ यांच्यात करंगळी सरकवा. करंगळी अलगद जायला हवी. टोपी काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला तर ती लहान आहे, डोकं दुखेल.

टोपी किंचित लहान असेल तर किटलीच्या वाफेवर आतली बाजू धरून हातांनी हळूहळू ताणता येते. पण मोठी लहान करणं सोपं, लहान मोठी करणं कठीण. विकत घ्यायची वेळ आलीच तर अर्धा नंबर मोठी घ्या.

फेल्ट हॅट कशी धरायची, हे आधी शिका. पुढे माथ्यावर चिमटीसारखा खळगा असतो, तिथे धरून उचलायचा मोह सर्वांना होतो. तिथेच ती आधी फाटते. कडेला दोन्ही हातांनी धरून घाला, तशीच काढा. ठेवताना उलटी ठेवा, माथा खाली, म्हणजे कड चपटी होत नाही. धूळ बसली तर मऊ ब्रश एकाच दिशेने फिरवा. भिजली तर हेअर ड्रायर, ऊन, गॅस यांपासून लांब, सावलीत आपोआप वाळू द्या. एका लॉन्ड्रीत मी दादांचीच दुसरी, तपकिरी हॅट ‘साफ करून द्या’ म्हणून दिली होती. ती परत आली तेव्हा माझ्या मुठीवर बसेल इतकी आटली होती. लोकर आणि गरम पाणी एकत्र आलं की असंच होतं. त्यानंतर फेल्टच्या टोपीला मी पाणी दाखवलेलं नाही. घामाचा डाग कोरड्या कापडावर थोडी टाल्कम पावडर घेऊन रात्रभर ठेवला की बराच उतरतो.

गांधी टोपीचं उलट. ती जितकी धुवाल तितकी खुलते, पण शुभ्रपणा आणि खळ ही तिची अट आहे. वेगळी धुवा, तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्या, अर्धवट ओली असताना इस्त्री करा आणि चपटी घडी करून पुस्तकात ठेवा. एकच ठेवू नका, किमान तीन ठेवा. मळकी गांधी टोपी सगळा नूर घालवते. मखमली काळी टोपी धुवायची नाही, फक्त ब्रश. जुन्या घरात सोला हॅट सापडली तर जपून: मुंडावळ्या-बाशिंगं ज्या भेंडाची करत, तशाच हलक्या भेंडाची ती असते. उन्हात ती अप्रतिम थंड, पण पावसात लगदा.

गवती हॅट उन्हाळ्यासाठी. पनामा हॅट हे नाव पनामाचं असलं तरी ती इक्वेडोरची, तिथल्या एका पाम-सारख्या झाडाच्या पानांच्या धाग्यांची. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत गवत कडक होऊन माथ्यावर तडकतं. आठवड्यातून एकदा ओलसर कापड घट्ट पिळून वरून फिरवा. ऊन अडवण्यासाठी कड किमान 3 इंच हवी. कमी असेल तर कान आणि मान उघडी राहतात, आणि आपल्या वयात तिथलीच कातडी आधी उन्हाने खराब होते.

‘हॅट बाईमाणसाने घालायची?’ हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माथ्यावर चिमटीचा खळगा असलेल्या या फेल्ट हॅटला फेडोरा म्हणतात, आणि हे नावच एका नायिकेचं आहे. 1882 साली पॅरिसमध्ये त्या नावाचं नाटक आलं, सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीने त्यात राजकन्येची भूमिका केली, आणि ती टोपी बायकांमध्ये गाजली. पुरुषांच्या डोक्यावर ती नंतर गेली. तेव्हा निःशंक घाला. साडीवर घालायची तर पदर पिनेने नीट लावा, गळ्यात कमी घाला आणि टोपी कपाळावर दोन बोटं खाली, जराशी तिरकी. मागे सरकवलेली टोपी चेहरा उघडा पाडते, पण अंगावर विसरलेल्या वस्तूसारखी दिसते.

चष्मा असेल तर आधी टोपी, मग चष्मा. कानामागे श्रवणयंत्र असेल तर कड किंवा कानटोपी त्यावर टेकली की यंत्र शिट्टी घालतं. अशांनी कडेला उंच असलेली टोपी किंवा गांधी टोपी निवडावी. केमोथेरपीत केस गेलेल्यांसाठी आतून मऊ सुती कापड लावून घ्या. जुन्या धोतराचं कापड यासाठी सर्वांत चांगलं.

टोपी कुठे काढायची? देवळात गाभाऱ्यासमोर हॅट काढावी. गांधी टोपी, फेटा राहू द्यावा. कुणाच्या अंत्ययात्रेत तिथल्या मंडळींची रीत बघावी. कालिदास कलामंदिरात नाटकाला बसलात तर हॅट मांडीवर, मागच्याने तिकीट काढलेलं असतं. आणि दुचाकीवर हेल्मेटच. टोपी पिशवीत, डिकीत कोंबू नका.

शिंप्याकडे जाताना

वयाबरोबर अंग बदलतं. उंची थोडी उतरते, खांदे पुढे येतात, पोट सुटतं, दंड सैल होतात. जुना कपडा जसाच्या तसा बसणार नाही, आणि न बसलेला कपडा माणसाला म्हातारं दाखवतो, कपड्याचं वय नव्हे. म्हणून अंगाला बसवून घेण्यात कंजुषी करू नका. एका चांगल्या वस्तूला वर्षभराच्या कपड्यांइतका खर्च आला तरी चालेल.

पोलकं उलटं करा आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघा. जुने शिंपी भरपूर माया ठेवत, कधी कधी दोन्ही बाजूंना बोटभर. ती उसवली की पोलकं दोन-तीन इंच सैल होतं. माया नसेल तर काखेत त्याच रंगाची पाचर लावून घ्या. खांदा दुखत असेल तर मागचे हूक पुढे घ्या. यात काहीही बिघडत नाही, उलट रोज घालता येतं.

कोटाचं सोपं सूत्र: बाही, कंबर, लांबी बदलता येते, खांदा बदलायला जाऊ नये. खांदा बसत नसेल तर तो कोट दुसऱ्या कुणालातरी द्या. अस्तर फाटलं असेल तर बदला, बटणं मात्र जुनीच ठेवा. आणि शिंप्याला स्पष्ट सांगा, ‘कापू नका, आत दुमडा.’ दोनदा सांगा. पुढच्या कुणाला तेच कापड लागणार आहे.

घडीवर फाटलेल्या रेशमाला नुसता टाका घालू नका, टाक्याच्या शेजारून परत सुटतं. मागून त्याच रंगाची मलमल लावून मग रफू. लोकरीच्या भोकाला रफूगार कोटाच्याच आतल्या शिवणीतले धागे काढून भरतो. त्याला कोट पूर्ण नेऊन दाखवा. माझ्या आईच्या पैठणीचं मात्र काहीच होण्यासारखं नव्हतं. काठपदर उतरवून गर्द जांभळ्या सुती साडीवर लावून घेतले. आता ती मी महिन्यातून एकदा नेसते.

साडी किंवा धोतराची कड जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. पायात अडकून पडणं आपल्याला परवडणारं नाही.

बाहेर पडायची तालीम

पहिले दोन दिवस घरात घाला. स्वयंपाक करताना, पेपर वाचताना, फोनवर बोलताना. कुठे टोचतं, कुठे सरकतं ते घरात कळू द्या. तिसऱ्या दिवशी जवळच, दूध आणायला. मग सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेरी मारायला. तिथे टोपीवाले बरेच असतात, त्यामुळे धीर येतो. लग्नकार्यात पहिल्यांदा घालू नका. तिथे सगळेच नटलेले असतात, चार नातेवाईक एकदम बोलतात आणि मन खचतं.

मी पहिल्यांदा बुधवारच्या बाजाराला गेले होते. भाजीवालीने मेथीची जुडी हातात धरूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मावशी, हॅट कुणाची?” “वडिलांची.” ती थोडी थांबली. “माझ्या बापाचा फेटा हाय घरी. लाल. भावाने पोतं बांधायला काढला व्हता, मी हिसकून घेतला.” त्यानंतर दर बुधवारी आम्ही मेथीआधी फेट्याबद्दल बोलतो. जुनी वस्तू अंगावर असली की लोक आपली गोष्ट घेऊन येतात. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

घरचे काही म्हणतील. ‘आता या वयात?’ हे वाक्य येणारच, बहुधा सर्वांत जवळच्या माणसाकडून. वाद घालू नका, शांतपणे घालत राहा. पंधरा दिवसांत तेच माणूस ‘आज टोपी नाही का घातलीस?’ विचारतं. नवरा गेल्यावर रंग सोडलेल्या माझ्या मैत्रिणींना मात्र मी जरा जोर देऊन सांगते: कपाटातली हिरवी साडी तुमची आहे, तिच्यावर दुसऱ्या कुणाचा अधिकार नाही. एकदम साडी नको वाटली तर हिरवं पोलकं घाला.

ऋतू आणि साठवण

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे लोकरीची चैन करता येते, निफाडकरांना तर विचारायलाच नको. कोट, शाल, फेल्ट याच दोन-अडीच महिन्यांत. उन्हाळ्यात सुती आणि गवती. पावसाळ्यात रेशीम आणि फेल्ट दोन्ही घरात.

ठेवताना प्लास्टिक नको, धुतलेली मलमल किंवा जुनं सुती धोतर. दर तीन महिन्यांनी घडी उलगडून वेगळ्या रेषेवर घाला. फार नाजूक साडी असेल तर घडीच नको, कापड दुकानात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीला आधी मलमल, मग साडी गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तरी भागतं, दर दोन महिन्यांनी बदलावी लागते. अत्तर, स्प्रे साडी नेसण्याआधी अंगाला लावा. जरीवर पडला तर काळा डाग पडतो आणि तो जात नाही. टोपी खोक्यात उलटी, माथ्यात चुरगळलेला पांढरा कागद भरून. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवा. कुणाची, कुणी कधी घातली, काय दुरुस्त केलं, आतली पट्टी किती जाड घातली आहे. दादांच्या हॅटच्या खोक्यात माझी चिठ्ठी आहे. परवा नातू ती हॅट घालून कॉलेजला गेला. त्याचं डोकं 58. संध्याकाळी चिठ्ठीत माझ्या अक्षराखाली त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अर्धी पट्टी काढली.’